आईच्या साड्यांची गोधडी करायचीय, पण कात्री चालत नाहीये

सुईदोरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आई गेल्याला आता वर्ष होईल. तिचं कपाट तसंच होतं, कोणी उघडतच नव्हतं. गेल्या महिन्यात नानाच म्हणाले की वाटून टाका काय ते, कसर लागायच्या आत. उघडलं तर ११ सुती साड्या, शिवाय आजीची २ इरकली लुगडी तळाशी डांबरगोळ्यांसकट. सिल्कच्या काय लगेच वाटल्या गेल्या, पण या सुती कोण नेसणार? मी आणि ताई दोघी ड्रेसवाल्या, वहिनीला सुतीच्या इस्त्रीचा कंटाळा. आणि आई रोज नेसायची त्या याच.

तर डोक्यात आलं की तीन गोधड्या करायच्या. एक ताईला, एक भाचीच्या बाळाला (ती मँचेस्टरला असते, जानेवारीत बाळ येईल) आणि एक नानांना, ते अजून माहीत नाहीये त्यांना. लहानपणी आजीला शिवताना बघितलंय, सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं असायचं, पण स्वतः कधी टाका घातला नाही. आता दोन वेळा साडी पसरून कात्री घेऊन बसले आणि दोन्ही वेळा घडी घालून परत ठेवून दिली. त्यात ताई फोनवर म्हणाली "कापू नकोस गं, अजून वास आहे तिला", मग तर संपलंच.

ज्यांनी अशी गोधडी कोणाला करून दिलीय त्यांनी जरा सांगा. थर किती घ्यायचे, हाताने की मशीनवर, दोरा कुठला, बाळासाठी काही वेगळं असतं का. आणि कापायचं धाडस कसं केलंत तेही.

चहाबाज

पहिला!! चहा घेऊन बसलोय, येऊद्या.

कात्री लावूच नका हो. सुती कापड कापत नाहीत, टरकावतात. काठाला कात्रीने अर्धा इंच चीर द्यायची आणि दोन हातांनी ओढायचं, टर्रर्र करून धाग्याच्या रेषेत सरळ जातं. आमची आत्या शिवणकामवाली होती म्हणून माहिती, बाकी मला बटणही लावता येत नाही.

हेमाक्का

चहाबाज म्हणतात ते बरोबर, पण आधी साडी उजेडात धरून बघ. खिडकीत उभी रहा आणि एकेक हात पुढे सरकवत बघत जा. जिथे चाळणीसारखी दिसेल तिथे ती विरलीय, तो भाग टरकावायला गेलीस तर भलतीकडेच फाटेल. रोजच्या नेसणीतली साडी निऱ्यांच्या खाली आणि बसण्याच्या जागी विरते, पदर आणि काठ मात्र ठणठणीत असतात. म्हणून विरलेला भाग आतल्या थरात टाकायचा आणि पदर-काठ वर दिसतील असे घ्यायचे. आतला थर फाटका असला तरी चालतो, त्याला वरखालून आधार मिळतो. आमच्याकडे आत सासऱ्यांची धोतरं असायची.

आता हिशेब. साधारण सहावारी साडी साडेपाच मीटर, पन्हा ४४-४५ इंच. मधोमध टरकावलीस की पावणेतीन मीटरचे दोन तुकडे, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचे दोन थर झाले. रुंदी पावणेचार फूट भरेल, ती कमी वाटली तर तिसऱ्या साडीची पट्टी जोड. सहा थर म्हणजे तीन साड्या, तेवढी ऊब पुण्या-नाशिकच्या थंडीला भरपूर. त्याहून जास्त थर घेतलेस तर सुई हाताने निघत नाही, पक्कड लागते. हसू नका, मी वापरलीय.

सगळं कापड आधी धुवून घे. नवं काही मिसळणार असशील, खण किंवा अस्तर, तर ते रात्रभर पाण्यात भिजवून आटवून घे, नाहीतर पहिल्या धुण्यात जुनं तसंच राहतं, नवं आटतं आणि गोधडीच्या अंगावर फोड आल्यासारखं दिसतं. लाल, मरून, जांभळ्याचा रंग जातो का तेही बघ. पांढरा ओला फडका घासला की कळतं.

दोरा सुतीच घे. पॉलिस्टरचा दोरा दिसायला मजबूत, पण जुन्या कापडाला तो कापत जातो. दोरा हातभरच ओवायचा. लांब ओवला की गुंता होतो आणि मग शिव्या घालत बसायचं. मेणावरून एकदा ओढून घेतलास तर सुळकन जातो.

आणि सर्वात महत्त्वाचं लिहायचं राहिलं. चहूबाजूंनी चार-चार इंच जास्त ठेव. टाके पडत गेले की गोधडी आखडते. सात फूट हवी असेल तर सात फूट घेऊन बसू नकोस.

भुंगा

मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा. आईची साडी ती आईची साडी. गोधडी झाली की ती गोधडी, साडी राहत नाही. माझ्या बायकोने तिच्या आईच्या दोन साड्या अजून तशाच ठेवल्यात, वर्षातून एकदा उन्हं दाखवते आणि परत ठेवते. बहिणीचं मन नाहीये तर थांबा की. कपाटात जागा कमी पडतेय का?

आंबोळी

@भुंगा, कपाटात ठेवलेली सुती साडी पण कायमची टिकत नाही हो. घडीवर विरते. माझ्या आजीचं लुगडं आम्ही २० वर्षं जपलं, मागच्या दिवाळीत उघडलं तर घडीच्या रेषेत चौकोन चौकोन होऊन हातात आलं. त्यापेक्षा गोधडी केली असती तर २० वर्षं पांघरली तरी असती. जपायचंच असेल तर घड्या तरी बदलत जा.

सुईदोराताई, तुमच्या ताईला एकच साडी न कापता द्या, तिला हवी ती तिने निवडायची. वासाचं म्हणाल तर तो वाद घालून मिटणाऱ्यातला नाही.

मिरजकर

आमच्याकडे वाकळ म्हणतात. गोधडी म्हटलं की पुण्याची वाटते 😄

मी पुरुष असून शिवतो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शिकलो, घरात बसून बसून भिंती खायला उठल्या तेव्हा आईने एक जुनी वाकळ उसवायला दिली. ती उसवण्यातच शिकलो सगळं. वरचं कापड काढलं तर खाली दुसरी वाकळ! तिच्या आत तिसरी. जुनी फाटली की तिच्यावरच नवीन कापड घालून शिवत गेलेले, सर्वात आतलं कापड पार तांबूस झालेलं, आई म्हणाली हे माझ्या आजेसासूचं असणार. पुढे काय उसवलं नाही, तशीच परत शिवून टाकली.

तर पद्धत. फरशी पुसून कोरडी करायची, खालचा थर ताणून पसरायचा, चार कोपऱ्यांवर तांदळाचे डबे किंवा वरवंटा काहीतरी जड. मग एकेक थर, प्रत्येक थरावर मधून बाहेर हात फिरवायचा म्हणजे चुण्या निघतात. सगळे थर झाले की लांब लांब कच्चे टाके, तेही मधून बाहेर. इथे कंटाळा केला की झोळ धरतोच. कच्च्यालाच माझा एक अख्खा रविवार जातो.

पक्की शिलाई आमच्यात कडेने सुरू करतात. कडेला एक फेरा, मग बोटभर आत दुसरा फेरा, चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. साधा धावदोराच, बाकी काय नाही. टाका तांदळाएवढा. सुरुवातीला माझा हरभऱ्याएवढा पडायचा.

दाभण घेऊ नका, ते पोत्याला. लांब जाड सुई मिळते ती घ्या. आणि मधल्या बोटाला अंगुस्तान, ते नसलं तर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बोटाला भोक.

हेमाक्का

मिरजकर, आम्ही मधून बाहेर शिवतो. कडेने आत आलं की सगळा झोळ मध्ये गोळा होतो.

मिरजकर

कच्चे टाके नीट असतील तर नाही होत अक्का. आमच्या गल्लीत सगळ्या कडेनेच शिवतात, एवढ्या बायका चुकीच्या कशा?

हेमाक्का

चुकीच्या म्हटलेलं नाही. झोळ होतो म्हटलंय.

सीमाभाग

भांडू नका, दोन्ही बरोबर 😀 मी धारवाडला असते. आमच्याकडे कौदी म्हणतात. उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या बाजूला सिद्दी लोक राहतात, मूळचे आफ्रिकेतून आलेले, त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. त्याही कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेने फेरे घेत मध्यावर येतात, म्हणजे मिरजकरांच्या बाजूने एक मत. त्यांची खासियत म्हणजे रंगीत ठिगळांची वरची बाजू, आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या घालून केलेली फुलं. फुलं नसलेली गोधडी त्यांच्यात उघडी समजतात. मला हे इतकं आवडलं की आता मी कोणालाही गोधडी दिली तर कोपऱ्याला फूल असतंच.

बंगालात कांथा, बिहारात सुजनी, कच्छ-सिंधकडे रल्ली. जुनं कापड आणि धावदोरा, हे सगळीकडे तेच.

चहाबाज

आणि आपले गाडगेबाबा. अंगावर ठिगळं जोडलेलं गोधडीसारखं पांघरूण असायचं म्हणून लोक गोधडे महाराज पण म्हणायचे त्यांना. बघा, फॅशन कुणी आणली ते.

स्नोमॅन

भाचीच्या बाळाबद्दल. आमच्याकडे (मिनेसोटा) आईने मोठ्या हौसेने दुपटी आणि छोटी गोधडी पाठवली आणि मुलगी झाल्यावर हॉस्पिटलमधून निघताना नर्सने स्पष्ट सांगितलं की पाळण्यात काहीही सैल पांघरूण नको. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीची तशीच सूचना आहे, पहिलं वर्षभर बाळ झोपतं तिथे गोधडी, उशी, मऊ खेळणी काही ठेवायचं नाही, तोंडावर आलं तर श्वास कोंडतो. इंग्लंडमध्येही हेच सांगतील. आईला फोनवर हे सांगताना माझी जी अवस्था झाली!! ती म्हणे तुम्ही तिघं काय गोधडीशिवाय वाढलात का.

मग आम्ही ती जमिनीवर अंथरली. बाळ जागं असताना पालथं घालायला, नंतर बसायला, रांगायला. इतकी वापरली की एका कोपऱ्याचा गोट (कडेची पट्टी) चावून चावून गेला. आता मुलगी ६ वर्षांची, तीच गोधडी पांघरून झोपते आणि धुवायला टाकली की वॉशिंग मशीनसमोर बसून राहते. त्यामुळे तुम्ही जरूर करा, फक्त भाचीला आधीच सांगा की ही अंथरायची, वर्षभराने पांघरायची. म्हणजे तिला वाईट वाटायला नको आणि तुम्हालाही.

छोटी करायची तर साधारण गजभर बाय गजभर पुरते. बॅगेत २३ किलोचा हिशेब असतो, त्यात लाडू पण यायचे असतात 😛

आंबोळी

बाळाच्या गोधडीला जर, टिकल्या, लेस, बटण काही नको. जर टोचते आणि बाकीचं तोंडात जातं. पदराला जरीची किनार असेल तर ती काढूनच घ्या.

आणि आमच्याकडे बाळ व्हायच्या आधी शिवत नाहीत हां. तुमच्याकडे पाळत असाल तर कच्चे टाके घालून ठेवा, पक्की नंतर. मी तसंच केलं होतं, सासूबाई पण खूश आणि बारशाला गोधडी पण तयार.

भुंगा

पण एवढं करून लोक वापरतात का? माझ्या मेव्हणीने आम्हाला लग्नात रुखवतात मांडलेली गोधडी दिली, दोन महिने खपली होती बिचारी. बायकोने ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर माळ्यावर ठेवलीय. "खराब होईल." १४ वर्षं!

हेमाक्का

हाच माझा राग आहे. मी आत्तापर्यंत ३० तरी दिल्या असतील, त्यातल्या निम्म्या कपाटात आहेत. पाहुणी म्हणून जाते तेव्हा मला दाखवायला बाहेर काढतात! एकीने तर फ्रेम करू का विचारलं. अगं बाई त्यात झोपायचं असतं. आता मी देतानाच एक कोपरा मुद्दाम हळदीचं बोट लावून देते. डाग पडलेलाच आहे, आता वापरा.

चहाबाज

हळदीचं बोट 🙏🙏 अक्का तुम्ही ग्रेट आहात

भुंगा

आत्ता माळ्यावरून काढली. पिशवीत कोंडून पिवळे डाग पडलेत आणि कुबट वास येतोय. बायको बोलत नाहीये. काय करू?

आंबोळी

घाबरू नका. कोमट पाण्यात साध्या साबणात तासभर, मशीनमध्ये पिळू नका, ओली गोधडी प्रचंड जड होते आणि टाके ओढले जातात. दोघांनी दोन बाजू धरून निथळायची आणि कडक उन्हात, दुपारी उलटायची. आमच्या गावी घटस्थापनेच्या आधी दसऱ्याची धुणी निघायची, घरातलं अंथरूण-पांघरूण झाडून सगळं नदीवर. गोधड्या बायका पायाने तुडवायच्या, आम्ही पोरं खडकावर वाळत घातलेल्या गोधड्या राखायला. संध्याकाळी घरी आणल्या की त्यात उन्हाचा जो वास असायचा त्या रात्री भांडणं, कोण कुठली घेणार. माळ्यावर ठेवणं हा शहरातला आजार आहे.

रीळ_संपलं

मशीनबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. वेळ नसेल तर मशीनवर होते, पण चार थरांच्या वर साध्या घरगुती मशीनला झेपत नाही. सुई १६ किंवा १८ नंबर, टाका ४ वर, आणि गोधडीचा भार टेबलावर टेकलेला पाहिजे, लोंबत राहिला की सुई वाकते. मी एकदा वेळ नाही म्हणून साड्या बाहेर एका दुकानात शिवायला दिल्या, आईच्याच होत्या. आल्या तेव्हा आत साड्यांऐवजी दुसरंच काहीतरी चुरचुरीत भरलेलं, वर फक्त साडीचा एक थर. उरलेलं कापड कुठे गेलं विचारलं तर "वेस्टेज". तेव्हापासून दाराशी येऊन शिवून देणाऱ्या मावशींकडेच देते, डोळ्यासमोर बसून शिवतात, आणि घासाघीस करत नाही. आठ-दहा दिवसांचं बसकाम आहे, कंबर मोडते.

सुईदोरा

बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी! एकेक पोस्ट दोनदा वाचली.

तर अपडेट. ताईला फोन केला, म्हटलं तुला हवी ती एक साडी तू निवड, ती नाही कापणार. ती शनिवारी आली, सगळ्या ११ पलंगावर मांडल्या, एकेक नाकाशी धरून बघितली. दहाव्या साडीला म्हणाली "सगळ्यांना डांबरगोळ्यांचाच वास येतोय" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की नाना बघायला आले काय झालं म्हणून. मग तिने मोरपंखी ठेवून घेतली आणि बाकीच्यांची पहिली चीर तिनेच दिली. टरकावताना मी डोळे मिटले होते, खोटं कशाला बोलू. पण आवाज आला आणि पुढचं सोपं झालं.

उजेडात धरून बघितल्या. डाव्या खांद्यापाशी प्रत्येक साडीला पिनेची भोकं, एकाच जागी, बारीक बारीक पाच-सहा. तो भाग आत टाकायला जीव झाला नाही. नानांच्या गोधडीत वरच घेतलाय.

पहिली नानांचीच घेतलीय, मिरजकर पद्धतीने कडेने (सॉरी अक्का!). ताई दर शनिवारी येते, ती एका बाजूने मी दुसऱ्या बाजूने. तिचे टाके हरभऱ्याएवढे, माझे त्याच्याहून बरे म्हणजे वाटाणे. फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

हेमाक्का

कडेने तर कडेने. झोळ आला की मला सांग.

सीमाभाग

पदर कुठल्या बाजूला घेतलात? आमच्याकडे पदर डोक्याशी, पायाशी नाही येऊ देत. कोपऱ्याला फूल लावलंत तर अंधारात हाताला लागतं, डोक्याची बाजू कळते.

सुईदोरा

अरे हे नव्हतं माहीत, पण आपोआप वरच्याच बाजूला आलाय. फूल लावते.

मिरजकर

वाटाणे 😂 लिहा, उठवून ठेवा धागा.

सुईदोरा

धागा वर काढतेय. नानांची झाली! बरोबर सात आठवडे लागले. मध्ये थोडा झोळ आहे (अक्का, तुम्ही जिंकलात), लाल फूल एका कोपऱ्यात.

पण घोळ झालाय. अक्कांनी सांगितलेलं चार इंच जास्त ठेव ते मी वाचलं होतं, लिहूनही ठेवलं होतं, आणि कापताना विसरले. साडेसहा फूट घेतली होती ती आखडून सहाच्या आत आली. नाना ५ फूट १० इंच. काल रात्री दिली, काही बोलले नाहीत, चाचपून फूल डोक्याशी घेतलं आणि झोपले. सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "पाय बाहेर राहतात." मी म्हटलं उसवून परत करते. तर म्हणाले उसवायचं कशाला, माझं एक धोतर पडलंय कपाटात, ते खालून लाव.

आता प्रश्न असा की नऊ इंची गोट लावला तर चालतो का? एवढा रुंद कोणी लावलेला बघितला नाही.

हेमाक्का

चालतो. दुहेरी घे, आत जुन्या साडीचा एक थर घाल म्हणजे लोळागोळा होणार नाही. आणि धोतर आधी धुऊन आटवून घे गं, या वेळी तरी.